यंत्रमानवाला हवा वटवाघळाचा कान

कोंढा (जि. भंडारा), प्रतिनिधी : दिवेलागणीच्या सुमारास धानाच्या बांध्यांवर लहान वटवाघळे किडे टिपत फिरतात. काळोखातही ती झाडावर आदळत नाहीत. स्वतःच काढलेल्या सूक्ष्म आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून ती वाट ओळखतात. हीच विद्या आता माणसांत वावरणाऱ्या यंत्रमानवांच्या कामी येत आहे.

रुग्णालयात औषधे पोहोचवणे, फरशी पुसणे अशी कामे करणाऱ्या यंत्रांना 'सेवा यंत्रमानव' म्हणतात. करोनाकाळात, जून २०२० मध्ये, रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्थानकावर प्रवाशांच्या तपासणीसाठी 'कॅप्टन अर्जुन' नावाचा यंत्रमानव आणला होता. कारखान्यातील यंत्रमानव बहुधा कुंपणाआड काम करतो. सेवा यंत्रमानवासमोर मात्र एखादे मूल केव्हाही धावत येऊ शकते. म्हणूनच वेळीच थांबणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

डोळे असताना कान कशाला?

साधा कॅमेरा अंधारात निरुपयोगी ठरतो. लेझरचा किरण स्वच्छ काचेतून बव्हंशी आरपार जातो. त्यामुळे काचेचा बंद दरवाजा यंत्राला मोकळी वाट भासू शकतो. ध्वनी मात्र काचेवर आदळून परततो.

माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. यंत्रमानवातील सेन्सर बहुधा ४० हजार कंपनांचा आवाज सोडतो. तो अडथळ्यावरून परतण्यास लागलेला वेळ मोजला, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणले आणि निम्मे केले, की अंतर मिळते. एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे सहा हजारांश भागात परततो. मोटार मागे घेताना पीं-पीं वाजणारी यंत्रणाही बहुधा याच तत्त्वावर चालते. जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना अशी यंत्रणा बंधनकारक आहे.

उन्हाळा आणि हिवाळा

विदर्भात एक अडचण विशेष जाणवेल. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. १० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५९ मीटर असतो. मे महिन्यातील उन्हात बेतलेले गणित डिसेंबरच्या पहाटे तसेच ठेवले, तर दोन मीटरवरील माणूस यंत्राला सुमारे १३ सेंटीमीटर अधिक दूर वाटेल. थांबण्यास उशीर होण्यासाठी एवढी चूक पुरेशी आहे. उपाय सोपा आहे : सोबत तापमापक बसवावा आणि गणित सतत सुधारावे.

याहून अवघड प्रश्न न परतणाऱ्या ध्वनीचा. जाड पडदा, गादी, लोकरी शाल यांसारखे मऊ पदार्थ ध्वनी शोषून घेतात. तिरकी गुळगुळीत भिंत तो भलतीकडेच वळवते. दोन यंत्रमानव जवळ आले, तर एकाची हाक दुसऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी वाटू शकते. म्हणून सेन्सर निरनिराळ्या दिशांना बसवून आळीपाळीने चालवतात.

वळणापलीकडची चाहूल

स्वतः आवाज न करता केवळ ऐकण्याचाही उपयोग होतो. अनेक मायक्रोफोन ओळीने बसवले, की आवाज प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो आणि त्यावरून दिशा कळते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी अशा मायक्रोफोनांच्या साह्याने, कोपऱ्याआड असलेल्या मोटारीची चाहूल ती नजरेस पडण्याच्या एक सेकंदाहून अधिक आधी घेता येते, असे दाखवले आहे. रुग्णालयाच्या वळणावर स्ट्रेचर येत असताना हा एक सेकंद मोलाचा ठरू शकतो. अर्थात, अनवाणी चालणाऱ्या माणसाची चाहूल मोटारीइतकी सहज लागत नाही.

प्रतिध्वनी आला नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असे यंत्राने मानता कामा नये. म्हणूनच कॅमेरा, लेझर, ध्वनी आणि धक्का लागताच चाके थांबवणारी स्पर्शपट्टी यांची एकमेकांना जोड दिली जाते. त्यांच्यात मतभेद झाला, तर वेग कमी करावा, हाच सुरक्षित नियम होय.