फोन उचलतो कोण?

कोणताही सार्वजनिक प्रश्न उपस्थित झाला की 'दहा हजार नागरिकांशी दूरध्वनीवरून संपर्क साधून' अजमावलेले जनमत प्रसिद्ध करण्याचा अलीकडे प्रघात पडला आहे. आकड्याच्या मोठेपणाने वाचक दिपून जातो. परंतु नमुना पाहणीच्या शास्त्रात नमुना किती मोठा, यापेक्षा तो कोणत्या यादीतून आणि कसा निवडला, याला अधिक महत्त्व आहे. यदृच्छया निवडलेली अवघी एक हजार माणसे कोट्यवधींचे मत सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने सांगू शकतात. सदोष यादीतून घेतलेली वीस लाख माणसेही ते सांगू शकत नाहीत.

१९३६ साली अमेरिकेत नेमके हेच घडले. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने दूरध्वनीधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, त्यांतल्या तेवीस लाखांवर परत आल्या, आणि लँडन निवडून येणार असे भाकीत त्याने केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी नव्हता, तो यादीत नव्हता. शिवाय रूझवेल्टवर रुष्ट असलेल्यांनीच उत्तरे अधिक उत्साहाने पाठविली.

आता खेड्यापाड्यांत भ्रमणध्वनी पोहोचला, तेव्हा हा दोष संपला, असे कोणी म्हणेल. त्याने रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि दहा वर्षांत लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली होती. कारण जुनेच आहे. कर्ता पुरुष मुंबईस, घर म्हातारीच्या हाती. रेशनपासून बँकेपर्यंत सर्वत्र नोंदविलेला क्रमांक बहुधा मुलाचा असतो. मे महिन्यातील पाणीटंचाईविषयी कोणी त्या क्रमांकावर विचारणा केली, तर उत्तर येईल ते नालासोपाऱ्याच्या चाळीतून. चाकरमानी खोटे बोलणार नाही. पण गणपतीला व शिमग्याला गावी येणाऱ्या त्या भल्या माणसाने मे महिन्यातली विहीर पाहिलेली नसते. जी हंडा घेऊन वहाळापर्यंत जाते, तिला कोणी विचारलेलेच नसते.

बरे, क्रमांकांवरूनच यदृच्छ निवड करावी, तर तेथेही अडचण आहे. दूरसंचाराच्या महाराष्ट्र परिमंडळात गोव्यापासून गडचिरोलीपर्यंतचा मुलूख येतो आणि मुंबई मात्र वेगळी. मुलाने मुंबईहून आणून दिलेल्या क्रमांकावर बोलणारी संगमेश्वरची आई हिशेबात मुंबईकर ठरते. दोन सिमकार्डे बाळगणाऱ्याची निवड होण्याची शक्यता दुप्पट होते, ती वेगळीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी होता. त्यापुढच्या वयाच्या स्त्रिया, म्हणजे कोकणातली घरे सांभाळणाऱ्या कितीतरी जणी, त्या मोजणीतच नाहीत. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांतल्या किती जणी लावणीच्या दिवसांत अनोळखी क्रमांकाला उत्तर देत बसतील?

यावर पाहणीकार भारांकनाचा उपाय सांगतात. स्त्रिया कमी सापडल्या, तर सापडलेल्यांच्या उत्तरांना अधिक वजन द्यावयाचे. उपाय शास्त्रीय आहे, पण न सापडलेल्या स्त्रियांचे मत सापडलेल्यांसारखेच आहे, असे गृहीत धरणारा आहे. चिपळूणच्या बाजारपेठेतील शिक्षिकेच्या मताला तिप्पट वजन दिल्याने सड्यावरच्या धनगरवाडीतील आजीचे मत कळत नाही. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या प्रयोगांत हेच दाखविले होते: वाफा फार लहान घेतला की कडेची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न फुगते, आणि असे वाफे कितीही वाढविले तरी ती अभिनती हटत नाही.

म्हणून दूरध्वनी त्याज्य ठरत नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत कोविडनंतरच्या काळात नागरी कुटुंबाची पहिली भेट घरी जाऊन व पुढील विचारणा दूरध्वनीवरून, अशी रीत अवलंबिली गेली. निवड दारात झालेली असल्याने ती बरीचशी निर्धोक आहे. जनमत अजमावणाऱ्यांना एवढा खर्च परवडत नसेल, तर निदान किती क्रमांक फिरविले, किती जणांनी उचलले, त्यांत स्त्रिया किती आणि उत्तर देणारा त्या क्षणी कोठे होता, हे तरी सांगावे. तेवढे छापायला वृत्तपत्राच्या फार तर चार ओळी लागतील.