डेड स्टॉक आणि कोथिंबीर

सकाळी ६

चहा ठेवायच्या आधी फोनवर दोन आकडे बघते. फ्रीझर उणे दोन, कूलर अडतीस. हे फॅरनहाइट. फ्रीझर शून्याच्या वर जाता कामा नये, म्हणजे आपल्या हिशेबात उणे अठरा. कूलर चाळीसच्या आत, म्हणजे साधारण चार. रात्री वीज गेली तर दार न उघडता गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. कूलरमधलं दूध, अंडी, चिकन मात्र चार तासांनंतर फेकायचं. आकडे बरोबर असले तरच आलं किसायला घेते.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका फूड पँट्रीचं काम बघते. गरजू कुटुंबांना आठवड्याचा शिधा मोफत द्यायचा, एवढंच ते काम. पगारी माणसं तीन, बाकी सगळे स्वयंसेवक. आमच्याकडची सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे मागच्या अंगणात काँक्रीटच्या ओट्यावर बसवलेली वॉक-इन फ्रीझर-कूलरची जोडखोली. ती काऊंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाच्या, अनुदानातून आली.

सकाळी ७:१५

कुलूप काढलं की पहिलं काम, दाराशी लटकवलेल्या तक्त्यावर तापमान पेनानं लिहायचं. सेन्सर दर पाच मिनिटांनी नोंद करतो, तरी तपासणीला येणारा माणूस आधी कागदच मागतो. दाराच्या रबराला बर्फ धरलाय का ते बोटानं चाचपते. बिजागरीकडच्या कोपऱ्यात धरलाय. म्हणजे काल कोणीतरी दार पुरतं लावलं नाही, नाहीतर रबर गेलं. दुरुस्तीवाल्याला निरोप टाकते.

सकाळी ८:३०

हिलसाइडच्या फूड बँकेतून ट्रक आला. पॅलेटवर प्लास्टिकनं गुंडाळलेली खोकी रचलेली. ती ओढायला हातानं दाबायचा पॅलेट जॅक आहे, तोही त्याच अनुदानातला. डोंबिवलीहून मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त काका जॅक चालवतात. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. "ताई, तुम्ही पावती बघा, माल माझ्यावर सोडा," म्हणतात.

आधी हीच खोकी माणसांची रांग करून हातोहात आत घेत असू. ती रांग बहुतेक साठीपुढच्यांची होती आणि मार्च २०२० मध्ये तीच सगळ्यात आधी घरी बसली. साहजिक होतं. नेमकी तेव्हाच येणाऱ्यांची ओळ दाराबाहेरून रस्त्यापर्यंत गेली. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं शेतकऱ्यांकडचा पडून राहिलेला माल विकत घेऊन खोक्यांतून वाटायची योजना काढली. ती वर्षभर चालली. दूध, चिकन, सफरचंदं ट्रकभर यायची आणि आमच्याकडे घरगुती फ्रीज दोन. आलेला माल संध्याकाळच्या आत गाड्यांच्या डिकीत टाकून मोकळं व्हायचं, कोणाला काय हवंय हे विचारायची सोय नाही. अन्न होतं, घेणारे होते. मध्ये चार दिवस ते गार ठेवायला जागा नव्हती. महामारीनं संस्थांचं काय अडतं हे असं उघडं पाडलं. आमचं फ्रीझरवाचून अडलं, कोणाचं गाडीवाचून, कोणाचं लॅपटॉपवाचून.

११ मार्च २०२१ ला अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायदा झाला. त्यातले ३५० अब्ज डॉलर राज्यं, काऊंट्या, शहरं, गावं आणि आदिवासी शासनांसाठी होते. काऊंट्यांच्या वाट्याला लोकसंख्येच्या प्रमाणात ६५ अब्ज. अट अशी की पैसे २०२४ संपायच्या आत करारानं बांधायचे आणि २०२६ संपायच्या आत खर्च करायचे. बऱ्याच काऊंट्यांनी त्यातला काही भाग आमच्यासारख्या संस्थांकडे वळवला, आणि त्यातही यंत्रसामग्री सगळ्यांना सोयीची वाटली. ती एकदाच घ्यायची असते. पगाराला पैसे दिले तर पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा दारात उभा राहतो, फ्रीझर तसा येत नाही.

सकाळी १०

कागद. आजचा विषय जनरेटर, या अनुदानातली शेवटची वस्तू. करार मुदतीत झाला, यंत्र यायला वेळ लागला, आता बिलाची प्रतिपूर्ती मागायची आहे.

प्रतिपूर्ती म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून द्या, मग मागा. मोठ्या संस्थेला याचं काही वाटत नाही. आमच्यासारखीला पुरवठादार ऑर्डरबरोबर अर्धी रक्कम मागतो तेव्हा बँकेतून उचल घ्यावी लागते, आणि त्या उचलीचं व्याज कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही. वायरिंगचंही तेच झालं. आमच्या वॉक-इनला थ्री-फेज लागतं, इमारत सिंगल-फेज. यंत्राला मंजुरी होती. यंत्रापर्यंत वीज आणायला नव्हती. ते पैसे आम्ही दोन देवळं, एक चर्च आणि एका दंतवैद्याकडून जमवले.

दाव्याला जोडायचं ते असं: तीन कोटेशनं, त्यातलं स्वस्त न घेतल्यास कारण, ऑर्डर, बिल, चेक वटल्याचा बँकेचा उतारा, यंत्राचा फोटो, अनुक्रमांकाच्या पट्टीचा जवळून घेतलेला दुसरा फोटो. शिवाय सॅम नावाच्या सरकारी यादीतली नोंदणी चालू असल्याचा पुरावा. त्या यादीत प्रत्येक संस्थेला बारा अक्षरं-आकड्यांचा ओळख क्रमांक मिळतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाऐवजी हाच चालतो. नोंदणी फुकट असते पण दरवर्षी नवी करावी लागते, आणि मुदत जवळ आली की "आम्ही करून देतो, एवढे डॉलर" म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. आजही आला. माझ्या आवाजावरून त्याला बहुधा वाटलं, ही फसेल. सांगलीच्या एका संस्थेत उपयोगिता प्रमाणपत्रं भरता भरता माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

सकाळी ११:३०

काऊंटीच्या बाई पाहणीला आल्या. केंद्राच्या पैशातून घेतलेल्या यंत्रसामग्रीची दोन वर्षांतून किमान एकदा प्रत्यक्ष मोजणी करावी लागते. आपल्याकडे संस्थांमध्ये डेड स्टॉक रजिस्टर असतं, तेच. फक्त रकाने जास्त: वर्णन, अनुक्रमांक, पैसा कुठल्या निधीतून आला, मालकी कोणाची, कधी घेतलं, किंमत, त्यात केंद्राचा वाटा किती टक्के, कुठे ठेवलंय, कशासाठी वापरतात, अवस्था काय. वस्तू या यादीत धरायची आमच्या करारातली मर्यादा नगामागे ५,००० डॉलर. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या अनुदानांना ती १०,००० झाली. पॅलेट जॅक त्याच्या कितीतरी खाली, म्हणून यादीत नाही. काकांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग याचा हिशेब कोण ठेवणार?" म्हणून त्यांनी त्याच्या दांड्यावर मार्करनं स्वतःच नंबर घातला.

बाई यादी आणि यंत्रावरचा अनुक्रमांक ताडून बघतात. कंप्रेसरची पट्टी मागच्या बाजूला, भिंतीकडे. कोट काढून त्या स्वतः टॉर्च घेऊन आत वाकल्या आणि मी फोटोतून आकडे वाचत गेले. मग दुपारच्या रांगेचा तक्ता मागितला, गेल्या तिमाहीत किती कुटुंबं आली ते विचारलं. मला या तपासणीचा राग येत नाही. लोकांच्या करातला पैसा आहे, फ्रीझर एखाद्या विश्वस्ताच्या हॉटेलात निघाला तर? हे प्रकार जगभर होतात.

राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. केंद्राच्या नियमात संस्थेच्या कारभारखर्चासाठी एक सरसकट टक्केवारी आहे. पूर्वी १० होती, आता १५. पण ती ज्या रकमेवर मोजायची त्यातून यंत्रसामग्री वगळलेली असते. म्हणजे निव्वळ यंत्रांच्या अनुदानावर कारभारखर्च शून्य, आणि कोटेशनं, करार, दावे, फोटो, मोजणी, पाच वर्षं कागद जपणं, हे सगळं काम मात्र यंत्रांच्याच अनुदानाला चिकटलेलं. वगळण्यामागचं तर्कशास्त्र मला कळतं: एक महागडं यंत्र घेतलं म्हणून कचेरीचा खर्च त्या पटीत वाढत नाही. मोठ्या विद्यापीठात नसेल वाढत. तीन माणसांच्या कचेरीत त्यातलं एक माणूस आठवडेच्या आठवडे त्यातच अडकतं, आणि ते माणूस मी.

बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. आमच्या कचेरीतही हे काम बघायला मी एकटीच आहे." निघताना त्यांनी जनरेटरचा दावा टपालानं न पाठवता थेट हातात घेतला.

दुपारी २

वाटप. पूर्वी बांधलेली पिशवी देत असू. आता माणसं टोपली घेऊन फिरतात आणि हवं ते उचलतात. कूलर नसता तर हे जमलं नसतं. इथे रांगेत ग्वाटेमालाची बाई असते, मूळचा गावातलाच म्हातारा असतो, आणि आपली माणसंही असतात. इथल्या ओक ट्री रोडवरची आपल्या लोकांची सोन्याची दुकानं बघून जाणाऱ्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. मुलानं ग्रीन कार्डावर आणलेले आईवडील, मुलाची नोकरी गेलेली, घरभाडं थकलेलं. शाकाहारी माणसाला डब्यातलं अन्न द्यायचं तर पंचाईत. इथल्या साध्या घेवड्याच्या डब्यातही डुकराच्या चरबीचा तुकडा निघतो. त्यांना तूरडाळ, तांदूळ, दूध, दही, भाजी द्यावी लागते, आणि त्यातलं निम्मं गार ठेवावं लागतं.

एक आजी दर आठवड्याला नातवाचा हात धरून येतात. आज विचारलं, "कोथिंबीर आहे का गं?" होती. ओल्या कागदात गुंडाळलेल्या जुड्या, मेक्सिकन कुटुंबांसाठी मागवलेल्या. आजींनी जुडी उलटी धरून मुळं बघितली, दोन पिवळी पानं खुडून माझ्या हातात दिली आणि जुडी टोपलीत टाकली. "पुढच्या वेळी मेथी बघ," म्हणाल्या.

संध्याकाळी ५

दुरुस्तीवाला. रबरच गेलं होतं. बदलायला अर्धा तास, बिल मात्र येण्याचं वेगळं, कामाचं वेगळं. हे अनुदानात नाही, वीजबिलही नाही. उन्हाळ्यात त्या दोन खोल्यांचं बिल बघून आमचे खजिनदार दरवेळी मीटर तपासून घ्यायला सांगतात. नव्या अर्जात मी आता यंत्राच्या किमतीबरोबर पाच वर्षांच्या देखभालीचा करारही मागते. काही ठिकाणी तो कापतात, काही ठिकाणी कोटेशनातच धरलेला असला तर चालतो. मिळतो तिथे घ्यायचा.

संध्याकाळी ६:४५

पलीकडच्या गावातल्या एका चर्चच्या छोट्या पँट्रीचा फोन. थँक्सगिव्हिंगसाठी कोणीतरी गोठवलेल्या टर्की देऊ केल्यात, आणि त्यांच्याकडे अजून घरगुती फ्रीज. त्यांनीही अर्ज केला होता, पण कोटेशनं वेळेत जमली नाहीत. आमच्या फ्रीझरमध्ये जागा देता येईल का? करार काढून बघितला. मूळ कामाला अडथळा येत नसेल तर दुसऱ्या कामाला वापरू देता येतं, फक्त वापराच्या नोंदीत लिहायचं. खालचे दोन कप्पे मोकळे करता येतील.

"आणा," म्हटलं, "पण प्रत्येक खोक्यावर तुमचं नाव आणि तारीख टाका. आणि सकाळी आठच्या आत या, नंतर आमचा ट्रक दारात असतो. जॅक लागला तर काकांना आधी विचारा."