गेटवरचा आवाज

सकाळचे साडेआठ वाजलेत. अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला लोकल रिकामी झालीय आणि रिक्षा स्टँडवर आरडाओरडा टिपेला पोचलाय. "एमआयडीसी, एमआयडीसी! एक सीट, एक सीट!" लाईन मोडून एक रिक्षा पुढे घुसते. मागचा रिक्षावाला उतरून थेट त्याच्या अंगावर जातो, कॉलर धरतो, दोघांच्या आयांचा यथेच्छ उद्धार होतो. आम्ही प्रवासी घड्याळ बघत गप्प बसलोय. तिघं मागे आणि एक जण ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून पुढे. आता हाणामारी होणार असं वाटत असतानाच पुढचा म्हणतो, "घे रे बाबा, तू घे भाडं." मागचा पुडी काढतो. दोघं एकाच डबीतला चुना नखानं काढतात, तंबाखू मळतात. शिव्या हवेत विरून गेलेल्या.

आनंदनगरच्या रस्त्याला लागल्यावर आमचा रिक्षावाला ट्रेलर आणि डिव्हायडर यांच्या मधल्या फटीतून रिक्षा काढतो. मागून टँकरचा भोंगा कानठळ्या बसवतोय. शेजारचा माणूस कौतुकानं म्हणतो, "डेरिंग आहे पठ्ठ्यात." मला तरी यात डेरिंग दिसत नाही. चार माणसांचा जीव टँकरवाल्याच्या ब्रेकवर सोपवलेला दिसतो.

गेटसमोरच्या टपरीवर उतरतो. विजेच्या खांबावर कागद चिकटवलाय : हेल्पर पाहिजेत, लेडीज-जेन्ट्स, बारा तास ड्युटी. बाकड्यावर पेपर पडलाय. पाण्यासाठी कुठल्या तरी वस्तीतले रहिवासी 'आक्रमक' झालेत. आमच्या पेपरांना हा शब्द फार आवडतो. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीच्या जाडजूड पाइपातून शेजारून वाहत जातं आणि वस्तीत हंडे रिकामे राहतात. त्या हंडेवाल्या बायांनी रस्त्यावर बसून वाहनं अडवली की त्या आक्रमक.

टपरीवर इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगा चहा पितोय. खांद्याला सॅम्पलची बॅग, फोन स्पीकरवर. पलीकडून साहेबाचा आवाज : "पार्टी नाही म्हणाली म्हणून परत आलास? दारात बसून राहायचं. पेमेंट घेतल्याशिवाय उठायचं नाही. जरा अ‍ॅग्रेसिव्ह हो, तू फार मवाळ आहेस." पोरगा "येस सर, येस सर" करतो. फोन ठेवून उरलेला चहा एका घोटात संपवतो. आता हा कुणाच्या तरी केबिनबाहेर दिवसभर ठाण मांडून बसेल, जमलं तर त्याला इन्सेन्टिव्ह मिळेल.

हे सगळं ऐकत असताना समोरच्या गेटपाशी बायकांचा घोळका जमतो. ठेकेदाराचा सुपरवायझर रजिस्टर घेऊन उभा आहे. पंचविशीतला, गुळगुळीत दाढी, बोलणं लोण्यासारखं. एकेकीची सही घेऊन आत सोडतोय. पन्नाशीच्या एका बाईपाशी रांग अडते.

"दादा, मागच्या महिन्याचा ओव्हरटाइम सिंगलनंच लावलाय. डबल पाहिजे ना?"

"बघू मावशी, साहेबांना विचारतो."

"मागच्या महिन्यालापण विचारणार होते तुम्ही. आन् हे बघा."

ती हात पुढे करते. भरलेल्या डब्यांवर सांडलेला रंग थिनरनं पुसायचं तिचं काम. बोटांची टोकं पांढरी पडून सोललीत, अंगठ्याला आडवी भेग, नखांच्या कडेला निळ्या रंगाची रेघ बसलेली. हातात सुती मोजा आहे, त्याची दोन बोटं फाटलेली. थिनरला सुती मोज्याचा उपयोग शून्य. थिनर त्यातून झिरपतं आणि कापड ते कातडीला धरून ठेवतं. तिला थिनर आत झिरपू न देणारे मोजे हवेत. तिचा आवाज चढलेला नाही, फक्त ती बाजूला होत नाहीये.

सुपरवायझर हसतो. "मावशी, तुम्ही फार बोलता हं. किती दिवस भरले तुमचे? थकला असाल. महिनाभर ब्रेक घ्या, मग बोलावतो."

रांगेतल्या बायका चिडीचूप. या 'ब्रेक'चा अर्थ इथल्या प्रत्येकीला पाठ आहे. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षात 240 दिवस भरले की सलग वर्षाची नोकरी धरली जायची आणि मग काढून टाकायचं तर नोटीस, भरपाई आली. म्हणून दिवस भरत आले की घरी बसवायचं, ही ठेकेदारांची जुनी रीत. त्यात ना शिवी, ना धक्का. सकाळपासून इतकी दांडगाई पाहिली, पण पोटात गोळा आला तो या गोड वाक्यानं.

टपरीवरचा म्हातारा वॉचमन माझ्याकडे बघून मान हलवतो. तरुणपणी तो मुंबईत गिरणीत होता. 18 जानेवारी 1982ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातला हा एक. "आमच्या टायमाला गेटवर सभा व्हायच्या. आवाज म्हणजे काय! त्यातनं मिळालं काय, सोडा. पण मालकाला कळायचं तरी, समोर कोण आहे. हिच्यासमोर कोण आहे, सांगा? कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो साहेबाला विचारतो."

रांगेतून कुणीतरी पुटपुटतं, "भांडखोरच आहे ती." मला पुढचंच स्टेशन आठवतं. 20 ऑगस्ट 2024ला बदलापुरात लोकांनी दिवसभर रेल्वे रोखून धरली होती. शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाला आणि तक्रार नोंदवायलाच पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, त्याचा तो संताप. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही. पण पोलीस ठाण्यात शांतपणे बसलेल्या आईला कुणी आक्रमक म्हणालं नव्हतं, आणि तिचं कुणी ऐकलंही नव्हतं.

इकडे रांग पुढे सरकत नाहीये. मावशीच्या मागची सडपातळ मुलगी रजिस्टरवर सही न करता पेन तसंच धरून उभी राहते. तिच्या मागची डबा खाली ठेवते. घोषणा नाही, काही नाही. आत मशीन सुरू व्हायची वेळ झालीय. सुपरवायझरचं हसू जरा आखडतं, तो घड्याळ बघतो, बाजूला जाऊन फोन लावतो. परत येतो तेव्हा आवाजातलं लोणी गेलेलं.

"जा आत. मोजे स्टोअरमधून घ्या. ओव्हरटाइमचं दहा तारखेला बघू."

"लिहून ठेवा," मावशी म्हणते, आणि तो रजिस्टरच्या कडेला काहीतरी खरडेपर्यंत हलत नाही.

नऊ वाजून पाच मिनिटांनी सगळ्या आत जातात. पाच मिनिटांचा लेटमार्क मात्र सगळ्यांना लागतो. सॅम्पलवाल्या पोराला दारात बसून राहिल्याबद्दल शाबासकी मिळते, मावशीला भांडखोर हे नाव मिळालंय. आणि ती मागत होती तो जादा तासांचा दुप्पट दर 1948च्या कारखाने कायद्याच्या 59व्या कलमात लिहिलेला होता. 2019च्या वेतन संहितेतही तो दुप्पटच ठेवलाय.