नवे स्पीकर घेण्याआधी खोली ऐका

पुण्यात किंवा नाशिकला वर्षानुवर्षे छान वाजणारी स्पीकरची जोडी नोकरीच्या बदलीबरोबर चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला येते आणि पहिल्याच संध्याकाळी तिचा आवाज अनोळखी वाटू लागतो. डग्गा नुसता घुमतो, गाण्याचे शब्द नीट लागत नाहीत, आवाज वाढवला की कानाला टोचतो. मग घरात विषय निघतो: जुने झाले, आता नवे घेऊन टाकू. माझे ठाम मत असे की, त्याआधी दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. एक खोली आणि दुसरी स्पीकरच्या कोनाभोवतीची मऊ कड. त्यातही पहिला संशय खोलीवर घ्यावा.

शोळिंगनल्लूरच्या ओएमआर रस्त्यावरच्या उंच इमारतींतला दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा. खाली गुळगुळीत टाइल्स, पुट्टी मारलेल्या सपाट भिंती, बाल्कनीकडे सरकत्या काचा. यातले काहीच आवाज फारसा शोषून घेत नाही. हार्वर्डमधल्या वॉलेस सबाइन यांना 1895 मध्ये एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा दोष काढायचे काम मिळाले. त्यांनी दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत गेले. त्यातून निघालेले सूत्र आजही घरबसल्या वापरता येते: खोलीच्या घनफळाला 0.161 ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर उंच अशा रिकाम्या खोलीतला प्रत्येक पृष्ठभाग सरासरी 5 टक्के आवाज शोषतो असे धरले, तर आवाज विरायला सुमारे 2 सेकंद लागतात. तेवढ्यात गायकाची पुढची तान येऊन मागचीवर आदळते. भरपूर चुण्यांचे जाड पडदे, एक सतरंजी किंवा गालिचा, कापडी सोफा आणि पुस्तकांचे कपाट एवढे आले की हाच वेळ अंदाजे 0.6 सेकंदावर उतरतो. स्पीकर तेच, पण शब्द लागू लागतात. शंका असेल तर खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागे झणझण रेंगाळली तर पैसे आधी पडद्यांवर घाला.

खालच्या स्वरांची गोष्ट मात्र निराळी, तिथे पडदे फारसे कामाला येत नाहीत. 30 अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो. म्हणजे 5 मीटर लांबीच्या खोलीत 35 हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते आणि 70 हर्ट्झची अख्खी. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार घ्या. ती 69 हर्ट्झला लागते, जवळजवळ त्याच जागी! अशी लाट मागच्या भिंतीशी फुगते आणि भिंतीपासून सव्वा मीटरवर जवळपास मावळते. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवूनच ठेवतात, त्यामुळे ऐकणारा बरोबर फुगवट्यात बसतो. सोफा हात-दीड हात पुढे ओढा आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. फरक लगेच ऐकू येईल. एक छदामही न लागता होणारी यापेक्षा मोठी सुधारणा मला माहीत नाही.

स्पीकर पारखायला तानपुरा आणि तबला यांच्यासारखी साधने नाहीत, आणि त्यामागचे विज्ञान ज्याने उलगडले तो माणूस याच शहरात शिकला. मरीनासमोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून चंद्रशेखर वेंकट रामन 1904 मध्ये बी.ए. आणि 1907 मध्ये एम.ए. झाले. पुढे कोलकात्यात असताना त्यांनी 1920 मध्ये एका सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, मधल्या शाईमुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर सुरेल नात्यात येतात. साध्या ढोलाच्या कातड्यात हे घडत नाही. तानपुऱ्याच्या जवारीवरही त्यांनी लिहिले. वक्र घोडीवर तार घासत सुटते, म्हणून उपस्वरांचा तो भरगच्च गुंजारव उठतो. याच उपस्वरांमुळे छोट्या स्पीकरमधूनही खर्ज ‘ऐकू येतो’. मूळ 69 हर्ट्झ त्यातून निघतच नसले, तरी 138, 207, 276 हे उपस्वर ऐकून मेंदू ती जागा स्वतः भरून काढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यात ही सोय पुरेशी होत नाही, तिथे खरीच हवा हलवावी लागते. म्हणून दुकानात जाताना तबल्याच्या एकलवादनाचे, तुमच्या कानाला पाठ असलेले रेकॉर्डिंग बरोबर न्या.

आता स्पीकरची कड. शोळिंगनल्लूरहून समुद्र दोन-तीन किलोमीटरवर, मधे बकिंगहॅम कालवा, हवा जवळपास वर्षभर दमट. पुढची जाळी काढून कोनाभोवतीच्या मऊ वळीला बोट लावून पाहा. ती रबराची असेल तर बहुधा धडधाकट निघेल. फोमची असेल आणि जोडी दहा-पंधरा वर्षांची झाली असेल, तर बोटाला काळा चिकट भुगा लागू शकतो. दमट हवा फोममधल्या पॉलियुरेथेनचे बंधच तोडते. मग कोन दोन्ही बाजूंनी सारखा धरून अगदी हळू आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. नुसती कड गेली असेल तर स्पीकर टाकू नका. चेन्नईत रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकाने इथे चौकशी करा. चांगला कारागीर कड बदलतो आणि जोडी पुन्हा कित्येक वर्षे वाजते. हलत्या कॉइलचा आजचा स्पीकर मुळात चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेलाच आहे. दर दोन वर्षांनी फोनसारखा तो बदलण्याचे कारण नाही.

हे सगळे करूनही कॉइल जळलेली निघाली, सुटे भाग मिळेनात, किंवा खोली मोठी झाली आणि आवाज फाटू लागला, तर जरूर नवे घ्या. खोक्यावरच्या हजारो वॉट पीएमपीओच्या फुगवलेल्या आकड्याकडे पाहूही नका. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 85 वाल्याइतकाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो, म्हणून तो आकडा विचारा.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमी सरस वाटतो. आणि डोळ्यांआड ऐका. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये केलेल्या चाचण्यांत तेच ऐकणारे, तेच स्पीकर, पण पडदा बाजूला होताच गुण बदलले: मोठे आणि महागडे दिसणारे वर गेले. घरी पातळ धोतराचा पडदा पुरतो, त्यातून आवाज अडत नाही.

महागड्या केबलवर मात्र खर्च करू नका. घराच्या वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 5 मीटर जाऊन परत आली तरी तिचा रोध सुमारे 0.07 ओहमच राहतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. समुद्राच्या हवेने तिची टोके काळी पडतात, तेवढी वर्षातून एकदा कापून नवी सोलून घ्या.