बालकांमधील उदरगत घन अर्बुदे : वैद्याचे पहिले कर्तव्य

उदरवृद्धीची तक्रार घेऊन येणारे बालक आपल्या चिकित्सालयात नवीन नाही. कृमी, मलावष्टंभ, यकृत-प्लीहावृद्धी ही कारणे बहुधा आढळतात आणि आपल्या औषधांनी उपशयही मिळतो. या नित्य परिचयामुळेच क्वचित आढळणारे, परंतु प्राणघातक असे कारण नजरेआड होण्याचा संभव असतो.

काही वर्षांपूर्वी साडेतीन वर्षांच्या एका मुलास त्याची आई घेऊन आली. आंघोळ घालताना डाव्या कुशीत टणक काहीतरी हाताला लागते, असे ती म्हणाली. मूल हसतखेळत होते. ज्वर नाही, शूल नाही. मलसंचय व कृमी असे निदान करून मी तीन आठवडे विडंगारिष्ट दिले. पुढे मूत्र लालसर झाले, तेव्हा सोनोग्राफी करविली. डाव्या वृक्काचे अर्बुद निघाले. शस्त्रकर्म व केमोथेरपी होऊन तो मुलगा आज शाळेत जातो. तथापि ते तीन आठवडे माझ्या प्रमादाने वाया गेले, हे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

या वयात तीन अर्बुदे विशेष लक्षात ठेवावीत. वृक्कातील विल्म्स ट्यूमर बहुधा पाच वर्षांच्या आत आढळतो. तो गुळगुळीत, प्रायः वेदनारहित असून सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. रक्तमूत्रता व वाढलेला रक्तदाब ही त्याची सहचर लक्षणे. न्यूरोब्लास्टोमा याहून लहान वयात दिसतो. तो खडबडीत, कठीण, अनेकदा मध्यरेषेपलीकडे पसरलेला असतो. मूल म्लान व चिडचिडे होते, हाडे दुखतात, डोळ्यांभोवती काळेनिळे वण उमटतात. यकृतातील हेपॅटोब्लास्टोमा बहुधा तीन वर्षांच्या आत होतो. त्यात रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन वाढलेले आढळते. डाव्या कुशीतील प्रत्येक गाठ प्लीहा नव्हे. प्लीहेची कडा खाचयुक्त असते व ती श्वासाबरोबर खाली सरकते.

अशा बालकाचे उदर एकदाच, हलक्या हाताने तपासावे. वारंवार दाबल्यास विल्म्स ट्यूमर फुटण्याचा धोका असतो. तसे झाल्यास व्याधीची अवस्था वाढते व उपचार अधिक तीव्र करावे लागतात. उदराभ्यंग, बस्ती, विरेचन वर्ज्य. रसौषधी देऊ नयेत; एक वृक्क आधीच व्याधिग्रस्त असतो. रक्तदाब मोजावा, त्याच दिवशी सोनोग्राफीस पाठवावे आणि गाठ निश्चित होताच बालकर्करोगाची सोय असलेल्या रुग्णालयाकडे पत्रासह रवाना करावे.

यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही. चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा अधिकार धान्वंतर संप्रदायाकडे, म्हणजे शल्यविदांकडे सोपविला आहे. आपल्या अधिकाराची मर्यादा जाणणे हाही चिकित्सेचाच भाग होय.

विल्म्स ट्यूमरवरील प्रमुख औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. मात्र पानांत त्याचे प्रमाण अत्यल्प असते व मात्रेची चूक घातक ठरते. म्हणून सदाफुलीचा स्वरस वा काढा हा त्याला पर्याय नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. केमोथेरपी चालू असताना कोणतेही औषध तेथील तज्ज्ञांना कळविल्यावाचून देऊ नये.

प्रगत देशांत विल्म्स ट्यूमरची सुमारे ९० टक्के बालके बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जो उपक्रम आरंभिला, त्यातील सहा निर्देशक कर्करोगांत हा व्याधी आहे. २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के कर्करोगग्रस्त बालके वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत हे उपचार होतात. खर्चाच्या भीतीने पालक मागे हटत असतील, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती आपणच द्यावी.

ग्रामीण भागात आजारी बालक पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येते. बाळाच्या पोटात गाठ लागते, असे आई सांगेल तेव्हा ती खरी मानूनच तपासणीस आरंभ करावा, ही वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती.