मांडुळातला हिस्सा

"ताई, गटातून तीस हजार द्या ना. भाऊजी म्हणतात, अमावास्येला दुप्पट होऊन येतात." रिसोडकडच्या एका खेड्यात आमच्या बचत गटातली सून सांगत होती. दिराने मांडुळात हिस्सा घेतला होता म्हणे!

मैत्रिणींनो, मांडूळ आपल्याला नवा नाही. वावरात निघणारा बिनविषारी साप. शेपूट बोथट, म्हणून 'दुतोंड्या'. तो पूजेला बसवला की पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन दिसतं, मागाल ते मिळतं, असं दलाल सांगत फिरतात. बिचारा शेतातले उंदीर खातो, तेवढीच त्याची लक्ष्मी. पण त्याला पकडणं, विकणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मग फसलेला माणूस पोलिसांत जाणार कसा? भामट्यांचं भांडवल हेच.

आणि पैशावर निभावलं तर नशीब. परभणी जिल्ह्यात मानवतला 1972 ते 1974 या काळात बायका-मुलींचे खून पडले, तेव्हा खटल्यात गुप्तधन आणि मूल होण्याची आस हीच कारणं पुढे आली होती. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आता सात वर्षांपर्यंत कैद आहे.

गटाने कर्ज नाकारलं. निघताना मी विचारलं, "पण एवढी गरज कशाची पडली गं?"

"सोयाबीन गेलं नं ताई. अन् नणंदेचं लग्न काढलं."

तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. डोरलं आधीच गेलं होतं.