एकट्या कोपऱ्याला दोष कशाला?

प्रो कबड्डीत पुणेरी पलटण किंवा यू मुंबा हरली की नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यांवर एकच तक्रार ऐकू येते: कोपरारक्षकांनी घात केला. हा संताप समजू शकतो. आघाडी हातात असताना डावा कोपरा उगाच झेपावतो आणि गुण देऊन बसतो, तेव्हा पाहणाऱ्याचा जीव तुटतो. पण पकड नीट पाहा. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय सरकवतो आणि कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झडप घालतो. घोटा हाती लागला तरी काम निम्मंच झालेलं असतं, कारण चढाईपटूचं सगळं अंग मध्यरेषेकडे ओढ घेत असतं. त्याची वाट अडवायची ती कव्हर रक्षकाने. तो जरा उशिरा येऊन बिलगला, की चढाईपटूचा हात रेषेला लागतो आणि कोपरा, कव्हर दोघेही बाद होतात. टीव्हीवर मात्र चूक कोपऱ्याचीच दिसते.

यू मुंबाचा इतिहास हेच सांगतो. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे कोपरे असताना संघाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि 2015 मध्ये विजेतेपद मिळवलं. 2016 मध्ये दोघेही बंगळूर बुल्सकडे गेले आणि मुंबईला उपांत्य फेरीही दिसली नाही. मग कोपरेच सर्वस्व का? तसं असतं तर बंगळूरने तो हंगाम मारला असता. मारला तो पाटण्याने. मुंबईत या जोडीला सवयीचे कव्हर होते, बंगळूरला नवी घडी बसवायची होती.

यावर कुणी कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलूचं उदाहरण देईल. दहाव्या हंगामात त्याने पकडींचे 99 गुण मिळवले, पलटणने विजेतेपद जिंकलं. पुढच्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि 29 डिसेंबर 2024 ला बालेवाडीत हरियाणाने विजेतेपद जिंकलं. पलटण तर बाद फेरीतही नव्हती. खेळाडू थोर आहेच. पण हरियाणाकडे जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल हे बचावपटू आधीच होते, आदल्या हंगामात तोच संघ अंतिम फेरीत पलटणकडून 25-28 असा हरला होता. शादलू बसलेल्या घडीत जाऊन मिसळला. पलटणच्या घसरणीत कर्णधार अस्लम इनामदारच्या दुखापतीचाही वाटा होता, हेही मान्य केलं पाहिजे.

आपल्याकडे मात्र मुलांना चढाईचं वेड. नाशिकचा आकाश शिंदे आशियाई सुवर्णविजेत्या संघात गेला, तोही चढाईपटूच. त्याचा अभिमान वाटतोच. पण केटीएचएमसारख्या महाविद्यालयांच्या आणि आसपासच्या शाळांच्या प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे: कोपरा आणि कव्हर यांना रोज जोडीने सराव द्या आणि हंगामभर ती जोडी मोडू नका.